पुलं नुसते ऐकले असतील तर वाचायचे कसे

पुलं, म्हणजे पु. ल. देशपांडे, माहीत नाहीत असा मराठी माणूस सापडणं कठीण, पण पुलं वाचलेत का असं विचारलं की निम्मे लोक म्हणतात अहो म्हैस पाठ आहे आमची, अंतू बर्वा पाठ आहे. पाठ आहे म्हणजे ऐकून. आमच्याकडेही तेच, बाबांकडे पुलंच्या कथाकथनाच्या कॅसेटी होत्या, नंतर ते सगळं यूट्यूबवर आलं आणि मी तिशीपर्यंत एकही पुस्तक न उघडता पुलंचा मोठा भक्त होतो. मग एकदा एसटीच्या लांबच्या प्रवासात 'व्यक्ती आणि वल्ली' हातात आलं आणि कळलं की आपण फक्त हशा ऐकलाय, बाकीचं राहूनच गेलंय. ऐकताना मागचं पब्लिक हसतं म्हणून आपणही हसतो, एसटीत शेजारचा माणूस झोपलेला असतो, तिथे कोण हसणार, मग तेच वाक्य जरा वेगळं लागतं.

तर ज्यांची अशीच अवस्था आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय.

पहिलं पुस्तक 'व्यक्ती आणि वल्ली'च घ्या, एकेका माणसाचं शब्दचित्र आहे त्यात. 1962 चं, 1965 ला साहित्य अकादमी मिळालं. एका बैठकीत संपवू नका प्लीज, शेवाचा डबा घेऊन बसल्यासारखं होतं, शेवटी चव कळेनाशी होते. रोज एक माणूस, बास. क्रमाने वाचायची पण गरज नाही. आधी नारायण, मग सखाराम गटणे, मग अंतू बर्वा (पाठ असला तरी), आणि नंदा प्रधान अगदी शेवटाला ठेवा, त्याच्यात विनोद शोधत बसाल तर हाती काही लागणार नाही, ते लिखाण त्यासाठी नाहीच.

आता यातली खरी युक्ती. वल्ली वाचून झाली की दुसऱ्या दिवशी नवीन सुरू करायच्या आधी कालच्याचं फक्त शेवटचं पान परत वाचायचं. मोठ्याने वाचलंत तर अजून चांगलं. कारण लोक ज्या क्लिपा पाठवतात ना त्या कायम मधूनच तोडलेल्या असतात, जिथे हशा जास्त तिथून उचलायचं आणि शेवट यायच्या आत बंद. नारायण म्हटलं की सगळ्यांना त्याची लग्नघरातली धावपळ आठवते, पण सगळं उरकून लोक पांगले की हा माणूस कुठे असतो ते कितीजणांना आठवतं? प्रत्येकाच्या घरच्या लग्नात एक नारायण असतो, आणि अल्बम काढून बघा, फोटोत तो नसतो. अंतू बर्व्याचंही तसंच, गावात वीज येणार म्हणून लोक खूश आणि हा म्हणतो उजेडात बघायचं काय, आपलंच दारिद्र्य ना. ऐकताना इथे टाळ्या पडतात. पण बायको गेलेली, मुलगा मुंबईला, घरात एकटा म्हातारा, त्याच्या तोंडी ते आहे हे लक्षात ठेवून वाचून बघा. कोकणातला माणूस फणसासारखा असतो हे जे लोक कुठेही फेकत असतात ते त्याच लेखाच्या शेवटी आहे आणि तिथपर्यंत चालत गेल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही.

दुसरं पुस्तक 'असा मी असामी'. हे वाचताना एक काम करायचं, हसू आलं की पेन्सिलने समासात खूण करायची आणि धडा संपल्यावर बघायचं की आपण नक्की कोणाला हसलो. धोंडो भिकाजी जोशी हा साधा कारकून, बायकामुलं आणि जग जिकडे ढकलेल तिकडे जाणारा, धोतरातून विजारीत कसा आला ते त्याचं त्यालाच कळत नाही. माझ्या खुणा तपासल्या तर दहातल्या सात ठिकाणी मीच होतो. पुलंची टीका अशीच असते, दुसऱ्याकडे बोट दाखवून हा माणूस ढोंगी असं म्हणत नाहीत, आधी स्वतः वेडा बनून समोर उभे राहतात आणि आपण निर्धास्तपणे हसत जवळ गेलो की आपल्याच खिशातलं काढून दाखवतात. माणूस मुळात दुष्ट आहे वगैरे त्यांचं म्हणणं नाहीच, माणूस हौशी आहे, भित्रा आहे, चारचौघांत आपलं बरं दिसावं म्हणून धडपडतो, हे त्यांचं निदान. मला विचाराल तर हे जास्त झोंबतं. दुष्ट म्हटलं की माणूस म्हणतो मी नाही त्यातला, हौशी म्हटल्यावर कुठे पळणार?

मग 'बटाट्याची चाळ', 1958. यातला 'उपास' डाएट चालू असताना वाचा, वजन पौंडात आहे तेवढं सांभाळून घ्या, बाकी जो तो येऊन वेगळाच सल्ला देऊन जातो हे अजिबात जुनं झालेलं नाही. पण शेवटचं 'एक चिंतन' त्याच दिवशी वाचू नका. चार दिवस जाऊ द्या. ज्या चाळीला पुस्तकभर हसलो तिच्याबद्दलच घसा का दाटून येतो ते तिथे कळेल.

आयुष्याबद्दल थोडं माहीत असलं की वाचायला मदत होते, फार नको. जन्म 8 नोव्हेंबर 1919 मुंबईचा, लहानपण जोगेश्वरी आणि मग पार्ल्यात, म्हणजे ती माणसं आणि त्यांचं बोलणं कुठून आलं ते कळतं. शाळेत कॉलेजात शिकवलं, रेडिओ, दूरदर्शन, नाटक, 1953 च्या 'गुळाचा गणपती' सिनेमात तर जवळपास सगळंच स्वतः, 'इंद्रायणी काठी'ची चाल पण त्यांचीच. पेटी वाजवायचे त्यामुळे वाक्याला ताल असतो, मोठ्याने वाचा म्हणतोय ते म्हणूनच. आणि हा माणूस नुसता हसवणारा असता तर आणीबाणीविरुद्ध 1977 च्या निवडणुकीत गावोगाव सभा घेत फिरला नसता.

व्हॉट्सअॅपवरच्या पुलंचं काय करायचं? सोपी चाचणी आहे. पुलं गेले 12 जून 2000 ला, तेव्हा मजकुरात मोबाईलचं रिचार्ज किंवा फेसबुक आलं की विषय संपला. दुसरं, खाली पु. ल. देशपांडे लिहिलंय आणि वर आयुष्य म्हणजे अमुक, नाती म्हणजे तमुक असा उपदेश असेल तर पुस्तकात सापडेपर्यंत विश्वास ठेवू नका. अशी वाक्यं वहीत उतरवून ठेवणाऱ्या मुलावरच तर सखाराम गटणे लिहिलाय! ज्याची टर उडवली तेच त्यांच्या नावावर फिरतंय, त्यांना स्वतःला हे फार आवडलं असतं असं मला वाटतं.

हसू आलंच नाही तर? येत नाही काही ठिकाणी, त्यात लाजायचं काही नाही. आमच्या भाचीला आणे, मॅट्रिक, सोवळं यातलं काही माहीत नव्हतं, प्रत्येक ओळीला अर्थ सांगत बसलो आणि विनोदाचा पार भुगा झाला, नंतर मी सांगणं बंद केलं आणि ती आपली आपण वाचायला लागली. आणि हे पण खरं की ते जग बरंचसं पांढरपेशा पुरुषांचं आहे, 'व्यक्ती आणि वल्ली'त एकही बाई वल्ली नाही. भाचीनेच विचारलं होतं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यामुळे पाचसहा पुस्तकं झाली की पुलंच्या पत्नी सुनीताबाई यांचं 'आहे मनोहर तरी' हे आत्मकथन वाचाच, 1990 चं. आधी नको, आधी वाचलंत तर उगाच कोणाची तरी बाजू घेऊन बसाल. लग्न 1946 चं, म्हणजे जगाला न्याहाळणाऱ्या माणसाला तोवर 44 वर्षं घरातूनच कोणीतरी न्याहाळत होतं, आणि त्यांच्या लिहिण्यात मऊपणा कमी आहे. आमची प्रत शेजारच्या काकूंनी नेलीये, दोन वर्षं झाली, मागायला गेलं की चहा करतात.