आधी घरातले कॉक फिरवा, मग नळांकडे वळा

मे महिन्यातली रात्र, साडेनऊची वेळ. बेसिनखालचा कनेक्शन पाइप फुटला. पाइप काय, शंभर-दीडशे रुपयांचा. पण त्याच्यामागचा अँगल कॉक, म्हणजे भिंतीतून येणारं पाणी तिथल्या तिथे बंद करायची चावी, सात वर्षांत कुणी हलवलाच नव्हता. क्षार धरून असा घट्ट बसलेला, की हिसका दिला असता तर भिंतीतला तुकडाच हातात आला असता. शेवटी गच्चीवर पळालो. टॉर्चच्या उजेडात एका रांगेत नऊ व्हॉल्व्ह, एकावरही फ्लॅटचा नंबर नाही. तिसरा बंद केला आणि खालच्या मजल्यावरच्या काकांची आंघोळ साबणावरच अडकली.

तेव्हापासून देखभालीत माझं पहिलं काम कॉकचं. दर तीन महिन्यांनी, अर्ध्या तासाचं.

१. गच्चीवरचा आपल्या लाइनचा व्हॉल्व्ह दिवसाउजेडी शोधा. बंद करून घरातला नळ उघडून पाहा आणि खात्री पटली की ऑइलपेंटने त्यावर फ्लॅटचा नंबर टाका. शेजाऱ्यांना आधी सांगा. काकांचा अनुभव आहेच.

२. घरातला प्रत्येक अँगल कॉक पूर्ण बंद करा, पूर्ण उघडा. बेसिन, सिंक, फ्लश टँक, गीझर, वॉशिंग मशीन. एकही सोडू नका.

३. बरेच फेरे घेऊन उघडणारा कॉक असेल तर पूर्ण उघडल्यावर पाव फेरा मागे घ्या. टोकाला करकचून ठेवलेला कॉक तिथेच अडकतो.

४. अडकलेल्या कॉकला पान्हा लावून जोर करू नका. गच्चीवरची लाइन बंद करून, सवडीने प्लंबरकडून तो बदलून घ्या.

याच फेरीत कनेक्शन पाइपांवरून कोरडा टिश्यू पेपर फिरवा. डोळ्यांना न दिसणारी ओल कागदावर लगेच उमटते. पाइपाच्या जाळीवर किंवा नटाजवळ गंजाचे ठिपके दिसले, की गळायची वाट पाहू नका, बदलून टाका.

आता टपटपणारा नळ. त्याखाली लिटरचं माप ठेवा आणि घड्याळ लावा. दोन तासांत भरलं, तर दिवसाचे बारा लिटर गेले. असा नळ अधिक जोरात पिळून बंद करायची आपल्याकडे सगळ्यांना सवय. त्याने आतला वायसर आणखी चिरडतो. नळाची मूठ बरेच फेरे घेत असेल तर बहुधा वायसर गेलेला असतो, अर्ध्या फेऱ्यात बंद होणारी असेल तर अख्खा स्पिंडल, म्हणजे मुठीखालचा पाणी चालू-बंद करणारा भाग, बदलावा लागतो. आधी कॉक बंद करा, नळ उघडून उरलेलं पाणी काढा आणि बेसिनच्या भोकात फडकं कोंबा. हे फडकं विसरलात तर स्क्रू नेमका तिथेच पडतो. मूठ काढा, पान्ह्याने स्पिंडल उलटा फिरवा आणि तो जुना स्पिंडलच घेऊन हार्डवेअरच्या दुकानात जा. ‘अर्ध्या इंचाचा द्या’ म्हणून काम होत नाही, आटे जुळले पाहिजेत. बाकी कुठे जोड उघडलात, तर टेफ्लॉन टेप आटे आवळण्याच्याच दिशेने गुंडाळा. उलटी गुंडाळलेली टेप नट फिरवताना गोळा होऊन बाहेर येते.

धार बारीक झाली म्हणून लगेच पंप लावायचा विचार नको. नळाच्या तोंडाची जाळी काढून पाहा. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तिथे ती पांढऱ्या क्षाराने भरलेली असते. रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून जुन्या टूथब्रशने घासली की धार परत येते. शॉवरचंही तेच.

सिंकखालचा ट्रॅप, म्हणजे पाणी साठून राहणारा वाकडा भाग, दोन महिन्यांतून एकदा उघडावा. खाली बादली ठेवा आणि प्लॅस्टिकचा नट हातानेच फिरवा, पान्ह्याने तो तडकतो. आत निघतं ते पाहून कढईतलं तेल सिंकमध्ये ओतायची इच्छा कायमची मरते: थिजलेलं तूप-तेल, त्यात चहापत्ती, भाताची शितं. वायसर कोणत्या बाजूने बसला होता, त्याचा उघडतानाच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तुंबलं की ॲसिडची बाटली ओतणाऱ्यांशी माझं जमत नाही. मळ निघो न निघो, हाताची कातडी आणि जुने पाइप दोन्ही पणाला लागतात.

नहाणीच्या जाळीतले केस दर आठवड्याला काढा. वापरात नसलेल्या बाथरूममध्ये वास आणि झुरळं येत असतील तर नहाणीचा ट्रॅप सुकलेला असतो. आतलं साठलेलं पाणीच गटाराची हवा अडवतं. तांब्याभर पाणी ओता, काम झालं.

फ्लशची गळती आवाज न करताही चालू असते. टाकीत खाण्याचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला, तर टाकीतलं रबर बदला.

गीझरला स्वतः हात घालायचा तो फक्त बाहेरून. आतला दाब वाढला की तो बाहेर सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून सतत पाणी ठिबकत असेल, किंवा त्याचं तोंड कुणीतरी बुचाने बंद केलं असेल, तर वीज बंद करून मेकॅनिकला बोलवा. ते बुच म्हणजे थेट स्फोटाला आमंत्रण. पाणी जड असेल तर टाकीला गंजण्यापासून वाचवणारा आतला ॲनोड रॉड वर्षा-दोन वर्षांनी मेकॅनिककडून तपासून घ्या.

चार दिवस गावी जाणार असाल तर गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करा, गीझरचं बटण बंद करा. परत आल्यावर व्हॉल्व्ह हळूहळू उघडा, नळ फुसफुसत हवा सोडतील ती सोडू द्या. गरम पाण्याच्या नळाला सलग धार आल्याशिवाय गीझर लावू नका.