कुंभार्ली घाटातच लागणारी इंजिन लाइट

ऑक्सिजन सेन्सरचा कोड, म्हणजे बिघाडाचा नंबर, स्कॅनरवर दिसला की बहुतेक गॅरेजांत एकच वाक्य ऐकू येतं, "सेन्सर गेलाय, नवा टाकू." गाडी दहा-बारा वर्षांची असेल आणि लाइट कधी लागते, कधी आपोआप जाते अशी तक्रार असेल, तर या वाक्यापायी गिऱ्हाइकाचे काही हजार रुपये जातात आणि पंधरा दिवसांत गाडी परत दारात उभी राहते. मी कराडला वायरिंग आणि स्कॅनिंगचं काम करतो. आयटीआय करून नुकतेच या कामात आलेल्या पोरांना मी जे दाखवतो, तेच इथे लिहितोय.

आधी सेन्सर काय करतो ते थोडक्यात. पेट्रोल पूर्ण जळायला एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा लागते. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरात किती ऑक्सिजन उरलाय, हे पाहून सेन्सर ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, व्होल्टेज देतो. मिश्रणात पेट्रोल जास्त, म्हणजे रिच असेल तर ०.८-०.९ व्होल्ट. हवा जास्त, म्हणजे लीन असेल तर ०.१-०.२. चांगल्या गाडीत पुढच्या सेन्सरचा आकडा सतत खालीवर नाचत असतो, कारण ईसीयू क्षणोक्षणी पेट्रोल कमीजास्त करत असतो. सेन्सर तीनएकशे अंश सेल्सियसच्या पुढे तापला तरच काम करतो, म्हणून त्याच्यात हीटर असतो. चार वायरींतल्या सारख्या रंगाच्या दोन हीटरच्या. डेन्सो कंपनीच्या सेन्सरला सहसा दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नलची, पांढरी सिग्नलच्या अर्थची. बॉश आणि एनटीके कंपन्यांच्या सेन्सरना दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नलची, राखाडी अर्थची. डेन्सोच्या सवयीने बॉशच्या काळ्या वायरीला हीटर समजलात तर पुढचा सगळा हिशेब चुकतो. शिवाय हे रंग सेन्सरच्या बाजूचे. कपलरच्या, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगच्या, पलीकडे गाडीच्या हार्नेसचे (वायरींच्या जुडग्याचे) रंग वेगळे असतात, ते डायग्राममध्येच बघायचे.

बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचा नियम) गाड्यांना एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून कोड साठवायची पद्धत, सक्तीचं झालं. त्यानंतरच्या गाड्यांत कॅटच्या (धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) आधी एक आणि कॅटच्या नंतर एक, असे दोन सेन्सर सापडतील. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत एकच असतो. हा फरक महत्त्वाचा का, ते पुढच्या उदाहरणात कळेल.

२०१४ ची एक छोटी पेट्रोल गाडी. मालक कराडचे, कामानिमित्त चिपळूणला जाणंयेणं. तक्रार अशी की जाताना काही नाही, येताना पोफळी सोडून कुंभार्ली घाट चढायला लागलं की लाइट लागते. कराडला येऊन दोन दिवस गावात फिरवली की जाते. अ‍ॅव्हरेज पडलाय. दुसरीकडे पुढचा सेन्सर बदलून झाला होता, तरी तेच. कोड पी०१३१, म्हणजे पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज कमी.

अशा वेळी कोड पुसायचा नाही. पुसला की त्याच्यासोबत साठवलेला फ्रीझ फ्रेमही जातो, आणि अधूनमधून येणाऱ्या फॉल्टमध्ये तीच सगळ्यात मोलाची गोष्ट असते. कोड बसला त्या क्षणी गाडीचा वेग किती होता, इंजिन किती फिरत होतं, लोड किती, पाणी किती गरम, फ्युएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोल किती टक्के वाढवलं किंवा कमी केलं) किती, हे त्यात असतं. आधी मोबाइलवर फोटो काढा, मग बाकीचं. या गाडीत वेग कमी, लोड भरपूर, इंजिन पूर्ण गरम आणि ट्रिम अधिकमध्ये बरीच वर. म्हणजे चढण, खालचा गिअर, आणि ईसीयू पेट्रोल वाढवत सुटलाय.

व्होल्टेज कमी म्हणजे लीन, असं ईसीयू समजत होता. पण प्लग काढले तर काजळीने काळे. लीन चालणाऱ्या गाडीचे प्लग काळे होत नाहीत. मग मागच्या सेन्सरचा आकडा पाहिला. फॉल्ट चालू असताना पुढचा शून्याजवळ पडून आणि मागचा ०.८ च्या वर. एकाच पाइपातला धूर, एक म्हणतो हवा जास्त, दुसरा म्हणतो पेट्रोल जास्त. मागच्याच्या बाजूने प्लगची साक्ष होती. मिश्रण खरंच रिच होतं, आणि पुढच्या सेन्सरचा निरोप वाटेत कुठेतरी दाबला जात होता. मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनातून धूर गोळा करणाऱ्या पाइपाचं, पॅकिंग गळत असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन पुढचा सेन्सर असंच खोटं लीन दाखवतो, म्हणून तेही बघितलं. थंड इंजिन चालू करून जोडाशी कान दिला, काजळीचे ओघळ शोधले. तिथे काही नव्हतं.

घाटात नेमकं वेगळं काय होतं? उष्णता वाढते आणि इंजिन माउंटवर, म्हणजे ते ज्या रबरी आधारांवर बसतं त्यांवर, कलतं. दुसऱ्या गिअरमध्ये जोर लावला की आडवं बसवलेलं इंजिन चांगलंच झुकतं, आणि या गाडीचा एक माउंट फाटलेला होता. हँडब्रेक, पायाचा ब्रेक, पहिला गिअर, क्लच अलगद सोडून इंजिन कलवायचं आणि दुसऱ्याने बाजूने टॉर्च मारून वायरिंग बघायचं. गाडीच्या पुढे किंवा मागे कोणीही उभं राहायचं नाही, हे मी दर वेळी मोठ्याने सांगतो. इंजिन कललं की सेन्सरची केबल ताणून एका ब्रॅकेटच्या कडेवर बसत होती. स्लीव्ह घासून फाटलेली, आत सिग्नलच्या वायरीचं इन्सुलेशन उघडं. ताण आला की तांबं बॉडीला टेकायचं, सिग्नल शून्य. गावात सपाट रस्त्यावर ताणच येत नव्हता, म्हणून लाइट जायची. सेन्सर बदलताना ब्रॅकेटवरची क्लिप परत बसवली गेली नव्हती, त्यामुळे नवी केबलही त्याच कडेवर घासली. वायर दुरुस्त केली, माउंट बदलला, क्लिप लावली.

म्हणून गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न "काय होतं?" असा विचारू नका, "कधी होतं?" असा विचारा. पाऊस पडल्यावर? गाडी धुतल्यावर? सकाळी थंड असताना की तासभर चालवल्यावर? खड्ड्यात आपटल्यावर? पावसाचं नाव निघालं तर मी थेट कपलर उघडतो. कोकणातल्या गाड्यांच्या पिनांवर हिरवा थर चढलेला असतो. रात्री उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर धरूनच चालायचं.

आता थांबलेल्या आकड्याबद्दल. इंजिन गरम असताना पुढच्या सेन्सरचा आकडा नाचायचा थांबून कुठे थिजलाय, यावरून अर्धं काम होतं. शून्याजवळ असेल तर सिग्नल अर्थ झालाय, खरंच लीन आहे किंवा सेन्सर मेलाय. ०.४५ च्या आसपास असेल तर बऱ्याच गाड्यांत तो सेन्सरचा आकडाच नसतो. ईसीयू स्वतः तेवढं व्होल्टेज त्या वायरीवर ठेवतो, आणि वायर तुटली की तेच दिसत राहतं. काही ईसीयू वेगळं व्होल्टेज ठेवतात, तेव्हा चांगल्या गाडीत कपलर काढून आकडा काय येतो ते पाहून लिहून ठेवा. तिसरा प्रकार सगळ्यात मजेचा. आकडा १.२ किंवा त्याहून वर. झिर्कोनियाचा, म्हणजे या नेहमीच्या प्रकारचा, सेन्सर स्वतःहून एवढं व्होल्टेज बनवूच शकत नाही. म्हणजे हीटरचे बारा व्होल्ट कुठेतरी सिग्नलच्या वायरीत झिरपतायत. कपलरमध्ये पाणी, किंवा सायलेन्सरला टेकून वितळलेली केबल. इथे सेन्सर काढायची गरजच नाही, केबल चाचपत जा.

सेन्सर दोषी की वायरिंग, हे ठरवायला मी कपलर सोडतो आणि गरम इंजिनवर सेन्सरच्या बाजूच्या सिग्नल आणि अर्थ पिनांवर डिजिटल मीटर लावतो. हीटर बंद असल्यामुळे रेस थोडी चढती ठेवावी लागते. झटक्याने रेस दिली की ०.८ च्या वर, व्हॅक्यूमचा पाइप काढला की ०.२ च्या खाली, आणि तेही चटकन गेलं, तर सेन्सर ठीक आहे. हळूहळू रांगत गेलं तर म्हातारा झालाय, बदला. सिग्नलच्या वायरीवर टेस्ट लॅम्प किंवा काट्याचा जुना मीटर कधीच लावायचा नाही. सेन्सरचा करंट अगदी नगण्य असतो, बल्ब तो पिऊन टाकतो.

हीटरच्या वायरींना मात्र बल्बच हवा. पुढच्या सेन्सरच्या हीटरचा कोड पी०१३५ किंवा मागच्याचा पी०१४१ आला की पोरं मीटर कंटिन्युइटीवर लावतात, बीप ऐकतात आणि वायर चांगली म्हणून मोकळी होतात. सात तारांपैकी सहा तुटल्या असतील तरी बीप येतो. नदीवरच्या साकवावरून माणूस गेला म्हणून ट्रक जाईल असं नाही. कपलर काढून गाडीच्या बाजूच्या हीटरच्या दोन पिनांवर बाइकच्या इंडिकेटरचा बारा व्होल्ट, दहा वॅटचा बल्ब जोडा, इंजिन चालू करा आणि हार्नेस हलवत जा. बऱ्याच ईसीयू अर्थ चालू-बंद करून हीटर चालवतात, त्यामुळे बल्ब थोडा लुकलुकेल किंवा मंद दिसेल, ते चालतं. पण हात लावल्यावर तो गेला, तर जागा सापडली. बल्ब अजिबात लागला नाही तर आधी फ्यूज बघा. मग सेन्सरच्या हीटरचा ओहम मोजा, थंड असताना काही ओहम यायला हवेत. गरम झाल्यावर लगेच परत मोजा. थंडीत जोडलेली आणि उष्णतेने उघडणारी चीर अशीच पकडली जाते.

आपल्याकडे आणखी एक जागा आधी बघावी लागते, ती म्हणजे नंतर बसवलेलं सीएनजी कीट. बऱ्याच कीटची वायर ऑक्सिजन सेन्सरच्या सिग्नलला जोडलेली असते, काहींत ईसीयूला फसवणारा एम्युलेटर असतो. जोड पिळून टेप मारलेला असेल तर उन्हाने गोंद सुटतो, पावसाने पाणी शिरतं. लाइट फक्त गॅसवर लागते की पेट्रोलवरही, एवढं विचारलं तरी दिशा मिळते.

दुरुस्ती करताना सेन्सरकडच्या वायरींना सोल्डर करू नका. बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या तारांमधूनच आत जाते, सोल्डर ती वाट बुजवतो. चांगलं क्रिंप (दाबून बसवलेला जोड) आणि वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी). त्याच कारणाने सेन्सरच्या कपलरमध्ये ग्रीस किंवा स्प्रे मारायचा नाही. मॅनिफोल्डजवळ काचेच्या धाग्याची स्लीव्ह घाला. सेन्सर काढायला बावीसचा खाचेचा सॉकेट घ्या, इंजिन किंचित कोमट असताना. टोकावर पांढरा थर दिसला तर कुणी इंजिनला सिलिकॉनचा लेप लावलाय का, ते विचारा. त्याने नवा सेन्सरही मरतो.

राहिला पैशाचा विषय. सेन्सर बदलला तर बिल लिहायला सोपं, दोन तास शोधून चार आण्याची वायर जोडली तर गिऱ्हाईक तोंडाकडे बघतं. मी तपासणीचा दर आधीच सांगतो, फॉल्ट सापडो न सापडो. बिलावर वायरीचा रंग, जागा, कोड आणि फ्रीझ फ्रेम लिहितो, फाटलेल्या स्लीव्हचा तुकडा पिशवीत घालून देतो. आणि गाडी सोडण्याआधी ती ज्या परिस्थितीत लाइट लावत होती, त्याच परिस्थितीत चालवतो. घाटाची तक्रार असेल तर घाटात. पेट्रोल गिऱ्हाइकाचं, हेही आधीच सांगितलेलं असतं.