पेडेस्टल बेसिन बसवण्याआधी : सोलापुरातल्या घरासाठी तयारीची यादी

बाथरूममध्ये पेडेस्टलचं, म्हणजे खाली चिनी मातीचा खांब असलेलं बेसिन बसवायचं ठरलं की बहुतेक घरांत आधी प्लंबर येतो, भिंत फुटते, टाइल्स लागतात आणि मग कुणीतरी बेसिन आणायला दुकानात जातं. हा क्रम उलटा करा. या यादीतली पहिली नोंद तीच आहे. नुसतं भिंतीला टांगायचं बेसिन दोन इंच वर-खाली घेता येतं, पण पेडेस्टल जेवढं उंच तेवढ्यावरच बेसिन बसणार. नळाचे आणि वेस्टचे (सांडपाण्याचे) पॉइंटही त्याच्या मागे झाकले जातील अशाच जागी हवेत. म्हणून बेसिन, पेडेस्टल, नळ आणि बॉटल ट्रॅप (बेसिनखाली बसणारा, पाणी धरून वास अडवणारा भाग) हे नग घरात येईपर्यंत भिंतीला छिन्नी लावू देऊ नका.

दुकानात बेसिन आणि पेडेस्टल एकाच कंपनीचं, एकाच मॉडेलचं घ्या. पांढऱ्या रंगातही छटा असतात. वेगवेगळ्या डब्यांतून आलेले दोन पांढरे शोरूमच्या दिव्याखाली सारखे वाटतात आणि घरी उजेडात वेगळे दिसतात. डब्यावर आयएस २५५६ (चिनी मातीच्या सॅनिटरी वस्तूंचं भारतीय मानक) हा शिक्का बघा. पेडेस्टल सपाट फरशीवर आधी सरळ आणि मग उलटं उभं करायला सांगा, दोन्ही वेळा डुगडुगतं का ते हाताने हलवून पाहा. बेसिनला बोटाच्या पेराने टिचकी मारा. नाद खणखणीत आला तर ठीक, बद्द आवाज आला तर आत बारीक चीर असू शकते. तो नग परत ठेवायला लावा. मागे बोल्टची दोन भोकं असतात, तिथला काठ तुटका नाही ना, हेही तपासा, कारण सगळा ताण तिथेच येतो.

बेसिनचा भार पेडेस्टलवर असतो असा समज घट्ट आहे. खरं तर बेसिनला धरून ठेवतात ते भिंतीत घट्ट बसवलेले दोन लांब बोल्ट, त्यांना रॅक बोल्ट म्हणतात. पेडेस्टल खालून आधार देतं आणि पाइप झाकतं, एवढंच. मिस्त्री ‘खाली खांब आहे की, बोल्ट कशाला’ म्हणाला तर ऐकू नका. घरातलं म्हातारं माणूस तोंड धुताना बेसिनच्या काठावर हात टेकून भार देतं. बेसिन निसटून फुटलं तर त्याच्या कपच्या सुरीसारख्या कापतात.

त्यामुळे तयारीत सर्वांत जास्त वेळ भिंतीला द्या. सोलापुरात तीन प्रकारच्या भिंती सापडतात. पेठांमधल्या जुन्या घरांत काळा दगड आणि मातीचं बांधकाम, जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडकडच्या घरांत विटा, आणि अलीकडच्या इमारतींत पांढरे हलके ब्लॉक. वरून प्लास्टर झालं की सगळ्या सारख्याच दिसतात. म्हणून पेडेस्टलमागे झाकलं जाईल अशा जागी एक बारीक भोक पाडा आणि बिटाबरोबर बाहेर येणारी भुकटी हातावर घ्या. लाल आली तर वीट, तिथे चांगला फिशर (बोल्ट धरण्यासाठी भोकात घालायची प्लास्टिकची नळी) आणि रॅक बोल्ट पुरतो. काळपट-निळसर आली आणि ड्रिल पुढे सरकेना, तर दगड लागला. वेळ जाईल, पण धरेल. भुकटीऐवजी मऊ माती गळायला लागली तर तुम्ही दगडांच्या सांध्यात आहात, आणि तिथे फिशर आज बसेल, महिन्याने हातात येईल. अशा ठिकाणी चार-पाच इंच खोल, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद असा खड्डा खोदून त्यात बोल्ट काँक्रीटमध्ये रोवावा लागतो. तो आठवडाभर ओला ठेवल्याशिवाय त्यावर बेसिन चढवू नये. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात काँक्रीट बाहेरून पटकन वाळतं आणि आतून कच्चं राहतं, तेव्हा ओलं गोणपाट लावून ठेवा. हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधा फिशर धरत नाही. त्या ब्लॉकसाठीचे लांब फिशर मागा, किंवा पलीकडची बाजू मोकळी असेल तर बोल्ट आरपार काढून मागे पट्टी लावून घ्या.

मग मापं. पेडेस्टलवर बेसिन ठेवल्यावर काठ साधारण ३२ ते ३४ इंचांवर येतो. ही उंची घरातल्या सर्वांत लहान आणि सर्वांत म्हाताऱ्या माणसाला चालते का, ते आधीच पाहा. बेसिनच्या मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत निदान १५ इंच आणि समोर उभं राहायला २१ ते २४ इंच मोकळी जागा हवी. बाथरूमचं दार आत उघडत असेल तर ते बेसिनच्या कोपऱ्याला लागतं का, हे पुठ्ठ्याचा तुकडा बेसिनच्या आकाराचा कापून तिथे धरून बघा. पाण्याचे पॉइंट जमिनीपासून २० ते २२ इंचांवर घेण्याची पद्धत आहे, वेस्टचा त्याहून खाली. पण ही मापं पाठ करून भागत नाही. पेडेस्टलची आतली रुंदी टेपने मोजा आणि दोन अँगल कॉक (भिंतीतून येणारं पाणी बंद-चालू करायचे छोटे कॉक) त्या मापात मावतात का बघा. अरुंद पेडेस्टलमध्ये ते दोन्ही बाजूंनी डोकावतात. काही मॉडेलमध्ये बॉटल ट्रॅपच आत जात नाही, तेव्हा तोही रिकाम्या पेडेस्टलमध्ये धरून पाहायचा. हे सगळं तयार भिंतीपासून मोजा, कारण टाइल आणि तिच्या मागचा माल मिळून पाऊण-एक इंच सहज वाढतो.

फरशीकडेही लक्ष हवं. बाथरूमला नहाणी ट्रॅपकडे उतार असतो आणि तो असायलाच हवा. पेडेस्टलला मात्र सपाट जागा लागते. जुन्या शहाबादी फरशीवर तर सांधे वर-खाली असतातच. टाइल्स नव्याने लागणार असतील तर पेडेस्टलच्या पायाएवढी जागा लेव्हलमध्ये ठेवा, असं फरशीच्या मिस्त्रीला आधी सांगा, कारण प्लंबर आणि फरशीवाला एकाच दिवशी क्वचित भेटतात. जुनीच फरशी ठेवायची असेल तर प्लास्टिकच्या पातळ चकत्या आणि व्हाइट सिमेंट जवळ ठेवा. लाकडाची चिपटी घालू नका, ती ओलीने कुजते.

आता पाणी. वरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला जोर उंचीचाच असतो, दर १० फुटांना साधारण ०.३ बार (बार हे दाबाचं माप). एकमजली घराच्या स्लॅबवर टाकी असेल तर बेसिनच्या नळाला तेवढाही मिळत नाही. त्यामुळे शोरूममध्ये जोरात वाहणारा सिंगल लिव्हर मिक्सर (एकाच दांड्याने गरम-गार पाणी मिसळणारा नळ) घरी बारीक धार देतो. साधा पिलर कॉक (बेसिनवर उभा बसणारा एकेरी नळ) घ्या, किंवा मिक्सरला किती बार लागतात ते डब्यावर वाचा. बोअरचं पाणी वापरत असाल तर नळाच्या तोंडाची जाळी हाताने फिरवून निघणारी हवी, कारण पांढरा क्षार तिथेच आधी साठतो. अँगल कॉकही महिन्यातून एकदा बंद-चालू केला नाही तर जाम होतो. सोलरची लाइन बेसिनला घेणार असाल तर ती सीपीव्हीसीमध्येच (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिक पाइपात) घ्या, गरम डावीकडे आणि गार उजवीकडे. घरात जुनी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपांची) लाइन असेल तर नवा जोड देण्याआधी त्या पाइपचं तोंड उघडून आत बघा. गंजाने निम्मं भरलं असेल तर तेवढा तुकडा बदलायचं आत्ताच ठरवा.

कामाचा दिवस पाण्याच्या पाळीवरून ठरवा. तुमच्या भागात दिवसाआड किंवा चार दिवसांआड पाणी येत असेल तर पाणी येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी काम लावा. टाकी भरलेली असली की चाचणीला पाणी मिळतं, आणि चुकून टाकी रिकामी करावी लागली तरी पुढच्या पाळीपर्यंत घरात बादल्या-पिंप भरलेले असतात. टाकीखालचा मेन व्हॉल्व्ह पूर्ण बंद होतो का, हे आदल्या दिवशीच बघून ठेवा. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेसाठी पाहुणे येणार असतील तर काम त्याच्या निदान पंधरा दिवस आधी उरकायला हवं.

सुट्ट्या सामानाची पिशवी वेगळी बांधा : दोन अँगल कॉक, कनेक्शन पाइप (लांबी मोजून, ओढून ताणून बसवलेला पाइप लवकर फुटतो), टेफलॉन टेप, रॅक बोल्टचा जोड रबरी आणि प्लास्टिकच्या वायसरसकट, व्हाइट सिमेंट, सिलिकॉनची ट्यूब आणि वेस्ट कपलिंग (बेसिनच्या तळाच्या भोकात बसणारा, पाणी खाली नेणारा जोड). बेसिनला ओव्हरफ्लोचं, म्हणजे जास्तीचं पाणी काढून देणारं वरचं भोक असेल तर हाफ थ्रेडचं (अर्ध्याच भागाला आटे असलेलं) कपलिंग घ्या, नसेल तर फुल थ्रेडचं. यांची अदलाबदल झाली तर एक तर ओव्हरफ्लो चालत नाही किंवा बेसिनखाली पाणी गळतं. वेस्टचा पाइप आडवा जात असेल तर दर फुटाला पाव इंच उतार लागेल, तेवढी जागा भिंतीत आहे का पाहा. ट्रॅप वगळू नका. उन्हाळ्यात घर बंद ठेवून गावाला जाल तेव्हा ट्रॅपमधलं पाणी आटतं आणि चेंबरचा वास वर येतो. परत आल्यावर बेसिनमध्ये एक तांब्या पाणी ओतलं की थांबतो.

चर बुजवण्याआधी उघड्या पाइपांचे फोटो काढा, शेजारी टेप धरून. पुढे कधी आरसा किंवा शेल्फ लावताना ड्रिल कुठे नको ते कळेल. लाइनमध्ये पाणी सोडून रात्रभर जोड तपासा आणि मगच प्लास्टर करू द्या.

बसवण्याच्या दिवशी प्लंबरबरोबर दुसरा माणूस हवाच. बेसिन पेडेस्टलवर कोरडं ठेवून, भिंतीला टेकवून, लेव्हल लावून, भोकांतून पेन्सिलने खुणा करायच्या. टाइलवर चिकटपट्टी लावून आधी हॅमर बंद ठेवून भोक पाडायचं, टाइल पार झाली की मग हॅमर चालू. डोळ्यांना चष्मा लावायला सांगा, मिस्त्री नको म्हणाला तरी. नट वायसर घालून हाताने आवळायचा आणि पान्याने अगदी थोडा, जास्त आवळला की चिनी माती तडकते. सिलिकॉन भरल्यावर २४ तास बेसिनवर भार नको आणि पाणीही नको, म्हणून घरच्यांना दुसरा नळ दाखवून ठेवा. दुसऱ्या दिवशी बेसिन काठोकाठ भरून एकदम सोडा आणि प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा धरा. ओलीचा ठिपका उठला तर तो जोड पुन्हा आवळून घ्या. मजुरीची उरलेली रक्कम या चाचणीनंतर द्यायची हे काम ठरवतानाच प्लंबरशी बोलून घ्या.