नवतप्यात बाळ घरी येणार असेल तर

डॉक्टरांनी दिलेली तारीख मेच्या शेवटच्या आठवड्यातली असेल, तर तयारी एप्रिल संपायच्या आत उरकून घ्या. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, २५ मेच्या आसपास लागतो, पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि विसरलेला थर्मामीटर आणायला भर दुपारी तालुक्याला कोणी जात नाही.

आधी खोली ठरवा. बाळंतिणीला सगळ्यात आतली, बंद खोली द्यायची पद्धत हिवाळ्यात ठीक आहे. मे महिन्यात तिची भट्टी होते. जाड मातीच्या भिंतीची, कवेलूच्या (कौलांच्या) छपराची आणि समोरासमोर दोन झरोके असलेली खोली सगळ्यात चांगली. टिनाखालीच राहायचं असेल, तर टिनाला वरून चुन्याचे दोन हात द्या आणि आतून जुन्या लुगड्याचं छत बांधा. बाज भिंतीपासून हातभर दूर ठेवा, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचा. कवेलूच्या घरात विंचवाचा भरवसा नसतो.

कूलर लावायचा की नाही, यावर घरात वाद होणारच. लावा. तान्ह्या बाळाला घाम कमी येतो आणि अंगावरचं दुपटं त्याला काढता येत नाही, म्हणून ते मोठ्या माणसाआधी तापतं. कूलर खिडकीबाहेर असू द्या आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा, नाही तर खोली दमट होते आणि चिकचिक वाढते. हवा थेट बाजेवर येऊ देऊ नका. ओल्या लंगोटावर झोत बसला, तर ऐन मेमध्येही बाळ गारठतं. कूलरच्या बाजूंना लावलेल्या, पाण्यानं भिजणाऱ्या जुन्या ताट्यांना बुरशीचा वास येतो, म्हणून त्या आताच बदला. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून कोरडी करा, नाही तर त्यातच डेंग्यूचे डास वाढतात. आणि पत्र्याच्या कूलरचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून, पिन न काढता पाणी भरताना दर उन्हाळ्यात माणसं मरतात.

बाळाला गरम होतंय की थंड, हे आपल्या अंगावरून ठरवू नका. हाताची पाठ आधी त्याच्या पोटाला लावा, मग तळपायाला. दोन्ही सारखे कोमट असतील तर ठीक. पोट कोमट आणि पाय गार असतील तर एक दुपटं वाढवा. मान घामेजली, चेहरा लाल झाला तर कपडे कमी करा. लाइन गेली की सगळं काढून फक्त लंगोट ठेवा, साध्या पाण्यात पिळलेल्या मऊ फडक्यानं अंग पुसा आणि छातीला लावा.

कपड्यांत खर्च करू नका. २४ लंगोट, ६ बिनबाह्यांची सुती झबली आणि धुऊन मऊ झालेल्या धोतराची किंवा लुगड्याची ४ दुपटी पुरतात. टोपडं एकच, तेही दवाखान्यातून येतानापुरतं. घरात डोकं उघडं राहू द्या, बरीच उष्णता तिथून बाहेर पडते. पेटीतून काढलेले जुने कपडे धुऊन कडक उन्हात वाळवा, आणि कपड्यांत डांबरगोळ्या मुळीच टाकू नका. काही बाळांच्या रक्तात एका एन्झाइमची जन्मजात कमतरता असते. गोळीच्या नुसत्या वाफेनं त्यांच्या लाल पेशी फुटतात आणि कावीळ धोकादायक होते. कडुलिंबाचा वाळलेला पाला पुरतो.

सगळ्यात जास्त चूक होते ती पाण्याची. "एवढ्या उन्हात लेकराला तहान लागली असेल," म्हणत कोणीतरी चमच्यानं पाणी पाजतंच. ६ महिने पाणी नको. आईच्या दुधात जवळपास ८८ टक्के पाणीच असतं. पाण्यानं पोट भरलं की बाळ कमी ओढतं, आणि कमी ओढलं की दूध कमी होतं. घुटी, साखरपाणी यांनाही हाच नियम, आणि मध तर वर्षभर नको. जन्मल्यापासून तासाभरात छातीला लावा, चीक फेकू नका, मग दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा पाजा. माठ ठेवायचा तो बाळंतिणीच्या बाजेजवळ. तिला पाणी तोडायची रीत या दिवसांत घातक आहे. दर पाजण्याला एक ग्लास, शिवाय ताक.

दूध पुरतंय का, हे लंगोट सांगतो. पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत निदान ६ लंगोट फिक्या लघवीनं भिजले पाहिजेत. विटेच्या भुकटीसारखा केशरी डाग पहिल्या दोन-तीन दिवसांत दिसू शकतो. त्यानंतरही दिसला तर दूध कमी पडतंय. त्याच दिवशी वजन करून घ्या.

आंघोळ पहिल्या दिवशी नको. वजन अडीच किलोच्या आत असेल, तर नाळ पडेपर्यंत नुसतं पुसा. छतावरच्या टाकीचं पाणी दुपारी पोळतं. बादलीत काढून कोपर बुडवून पाहा. नाळेला हळद, तेल, राख काही नाही. लंगोट तिच्या खाली बांधा. जाड तेल आणि पावडर यांनी घामोळ्या वाढतात. बंद खोलीत निखाऱ्यावर ओव्या-शेपाची धुरी तर नकोच.

दवाखान्यातून निघायचं ते सकाळी १० च्या आत किंवा ऊन उतरल्यावर. सरकारी दवाखान्यातून घरी सोडायला गाडी मोफत मिळते. १०२ बद्दल आधीच आशाताईंना विचारून ठेवा. बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि हिपॅटायटिस बी कार्डावर लिहिले का, ते निघण्याआधी पाहा. जन्मनोंद २१ दिवसांत. आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. घरी येऊन बाळ तपासायची ही पद्धत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या कामातून आपल्याच गडचिरोलीत उभी राहिली. आशाताई आल्या की बाळाला झोपेतून उठवून वजन करू द्या.

एक कागद दाराच्या आतून चिकटवा. त्यावर लिहा: ओढत नाही, अंग ढिलं, श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, छाती आत खेचते, झटके, बेंबीतून पू, तळहात-तळपाय पिवळे किंवा पहिल्याच दिवशी पिवळेपणा. काखेत थर्मामीटर ९९.५ अंश फॅरनहाइटच्या वर किंवा ९५.९ च्या खाली. यातलं एकही दिसलं तर १०८. कोवळ्या उन्हात धरून कावीळ उतरायची वाट पाहू नका, मेमध्ये सकाळी ८ चं ऊनही कोवळं नसतं. पोट फुगलं म्हणून चटके देऊ नका. कागदाखाली जवळच्या गाडीवाल्याचा नंबर लिहा, आणि त्याची गाडी लग्नसराईत बाहेर असते म्हणून दुसराही.