पहिलं क्रेडिट कार्ड कसं निवडावं?

आयुष्यात कधी कुणाकडून उसने घेतले नाहीत, म्हणजे आपली पत चांगलीच असणार, असं पुष्कळांना वाटतं. मोठं कर्ज मागायची वेळ आली की कळतं, अशा माणसाबद्दल बँकेला काहीच माहिती नसते. पाटी कोरी असते आणि कोऱ्या पाटीवर विश्वास ठेवणं बँकेला अवघड जातं. पहिलं कार्ड घ्यायचं ते या पाटीवर काही चांगलं लिहिलं जावं म्हणून. हे डोक्यात पक्कं असलं की रिवॉर्ड पॉइंट, कॅशबॅक, विमानतळावरचं लाउंज या गोष्टी बघायची गरज उरत नाही. त्या दुसऱ्या कार्डाच्या वेळी बघा.

1. नोंद कशाची होते ते आधी समजून घ्या

कार्ड देणारी बँक तुमच्या खात्याची माहिती ठरावीक काळाने क्रेडिट ब्युरोला, म्हणजे लोकांच्या कर्जांची आणि परतफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला, कळवते आणि त्यावरून तुमचा स्कोअर, म्हणजे तुमच्या पतीचा आकडा, निघतो. भारतातला सिबिल स्कोअर 300 ते 900 मध्ये असतो, अमेरिकेतला फिको 300 ते 850 मध्ये. फिकोने आपल्या हिशोबाची विभागणी जाहीर केलेली आहे: वेळेवर परतफेड 35 टक्के, डोक्यावरचं देणं 30 टक्के, इतिहास किती जुना ते 15 टक्के, नवी कर्जं 10 टक्के आणि कर्जांचे प्रकार 10 टक्के. सूत्रं सगळीकडे सारखी नसतात, पण वेळेवर पैसे भरण्याला महत्त्व नाही असा ब्युरो सापडणार नाही. पहिल्या दोन गोष्टींचेच 65 टक्के होतात, आणि त्या सांभाळायला एक साधं कार्ड पुरतं.

डेबिट कार्ड किंवा प्रीपेड कार्ड कितीही वापरलं तरी यात भर पडत नाही. तिथे पैसे तुमचेच असतात, उधारी कुठेच नसते.

2. मिळण्यासारखं असेल तेच मागा

प्रत्येक अर्जाच्या वेळी बँक क्रेडिट ब्युरोकडून तुमच्या नोंदींचा अहवाल मागवते आणि त्या चौकशीचीही नोंद होते. एका महिन्यात पाच ठिकाणी अर्ज केले, तर माणूस पैशांच्या अडचणीत असावा असा अर्थ निघतो. म्हणून सुरुवात जिथे तुमचा पगार जमा होतो किंवा जुनं बचत खातं आहे, त्या बँकेपासून करा. तुमच्या खात्यातली ये-जा तिला आधीच दिसत असते.

तिथूनही नकार आला तर ठेवीवर मिळणारं कार्ड घ्या. तुम्ही बँकेत मुदत ठेव ठेवायची आणि तिच्या आधारावर कार्डाची मर्यादा ठरते. यात कमीपणा वाटून घेऊ नका, मला तर नवख्यासाठी हाच सगळ्यात चांगला रस्ता वाटतो. फक्त एक प्रश्न नक्की विचारा: या कार्डाची माहिती क्रेडिट ब्युरोला जाते ना? जात नसेल तर ज्यासाठी कार्ड घ्यायचं तेच साधणार नाही.

3. वार्षिक शुल्क नसलेलं कार्ड निवडा

हे पहिलं कार्ड पुढची दहा-पंधरा वर्षं ठेवायचं आहे, कारण खातं जितकं जुनं तितका इतिहास मोठा. दर वर्षी शुल्क कापलं जात असेल तर कधीतरी ते बंद करावंसं वाटणारच. ‘पहिल्या वर्षी मोफत’ आणि ‘कायम मोफत’ यातला फरक माहितीपत्रकातच तपासा, फोनवरच्या माणसाच्या तोंडी शब्दावर विसंबू नका.

त्याच पत्रकात व्याजाचा दर असतो. तो महिन्याचा लिहिला असेल तर फसायला होतं. महिना 3 टक्के वाचायला किरकोळ वाटतात, पण चक्रवाढीने वर्षाचे 42 टक्क्यांहून जास्त होतात. रोख रक्कम काढल्यास बहुतेक कार्डांवर त्याच दिवसापासून व्याज सुरू होतं, वर वेगळं शुल्क. कार्ड एटीएममध्ये घालायचंच नाही, असं आजच ठरवा.

4. दोन तारखा लिहून ठेवा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. एक असते बिल तयार होण्याची तारीख, दुसरी पैसे भरण्याची शेवटची तारीख. समजा बिल दर महिन्याच्या 5 तारखेला निघतं आणि भरायला पुढे 20 दिवस मिळतात. 6 तारखेला केलेल्या खरेदीला साधारण 50 दिवस बिनव्याजी मिळतील, 4 तारखेच्या खरेदीला जेमतेम 21. मात्र मागचं बिल पूर्ण भरलेलं नसेल, तर सहसा ही सवलत जाते आणि नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

बिलावर दोन रकमा छापलेल्या असतात: ‘एकूण देय’ आणि ‘किमान देय’. किमान रक्कम भरली की दंड टळतो, व्याज टळत नाही. किमान देय एकूण देण्याच्या 5 टक्के आणि व्याज महिना 3 टक्के असेल, तर भरलेल्या पैशांतला निम्म्याहून जास्त भाग व्याजातच जातो. मूळ देणं मुंगीच्या पावलांनी उतरतं.

5. वापर थोडा, पण नियमित

दर महिन्याला येणारं एखादं ठरलेलं बिल कार्डावर लावा, म्हणजे मोबाइलचं किंवा इंटरनेटचं. मग कार्डाच्या बिलासाठी बचत खात्यावर ऑटो-डेबिट लावा आणि त्यात ‘एकूण देय’ निवडलंय ना, हे डोळ्यांनी पाहून घ्या. शेवटच्या तारखेला खात्यात तेवढे पैसे असायलाच हवेत.

खर्च मर्यादेच्या 30 टक्क्यांच्या आत राहिलेला बरा, दहाच्या आत तर उत्तमच. ब्युरोला बहुधा बिलाच्या तारखेची बाकी कळवली जाते. त्यामुळे एखाद्या महिन्यात मोठी खरेदी झालीच, तर बिल निघण्याआधीच थोडे पैसे भरून टाका.

6. सहा महिन्यांनी अहवाल मागवा

फिको स्कोअर निघायला किमान एक खातं सहा महिने जुनं असावं लागतं, तेव्हा त्याआधी रोज स्कोअर बघत बसू नका. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. अहवालात आधी नाव, जन्मतारीख आणि पत्ता जुळतो का ते पाहा, मग तुमचं कार्ड दिसतंय का आणि प्रत्येक हप्ता वेळेवर भरल्याची नोंद आहे का ते तपासा. न घेतलेलं कर्ज तुमच्या नावावर दिसलं, तर त्याच दिवशी ब्युरो आणि संबंधित बँक दोघांकडे लेखी तक्रार करा आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. ठेवीवरचं कार्ड असेल, तर वर्षभर चोख परतफेड झाल्यावर ठेव मोकळी करून साधं कार्ड मिळेल का, हे बँकेला विचारता येतं. तसं करताना जुनं खातं तसंच चालू राहील की नवं उघडलं जाईल, तेही विचारा.