पाऊस पडायच्या आधी ग्रास कटर, मोवर एकदा उघडून बघा

पहिला पाऊस पडला की आठ-दहा दिवसात गवत गुडघ्याला लागतं आणि मग आठवण येते की अरे आपला कटर कोपऱ्यात पडलाय. बाहेर काढायचा, रस्सी ओढ ओढ ओढायची, खांदा भरून येतो पण मशीन काही तोंड उघडत नाही. मग इंजिन गेलं म्हणून तसंच उचलून मेकॅनिककडे, आणि तिथे तर सीझनची रांग लागलेली. म्हणून म्हणतो, आत्ता हाताशी वेळ आहे तर घरीच बघून घ्या. बहुतेक वेळा इंजिनला काही झालेलंच नसतं, टाकीत मागच्या सीझनचं पेट्रोल तसंच राहिलेलं असतं.

पेट्रोल महिना-दोन महिने पडून राहिलं की उतरतं, वास पण बदलतो, वार्निशसारखा येतो. त्यात इथेनॉल असेल तर ते हवेतली ओल ओढून घेतं आणि पाणी जाऊन तळाला बसतं, आणि कार्बोरेटरकडे (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) जाणारी नळी पेट्रोल घेते तळातूनच. काचेच्या बाटलीत काढून थोडा वेळ ठेवून बघा, खाली वेगळा थर दिसला तर समजून जा. ते सगळं काढून टाका, पण जमिनीत किंवा नाल्यात ओतू नका. टाकीच्या आत नळीच्या टोकाला छोटा फिल्टर असतो, तारेचा आकडा करून तो बाहेर ओढा, काळा-चिकट झाला असेल तर सरळ बदला. टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं ते इंजिन) असेल तर मिक्सिंग अंदाजाने करू नका. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली टू-टी ऑइल, २५:१ म्हणजे ४० मिली, आपल्या मशीनला कुठलं ते टाकीच्या झाकणावर नाहीतर मॅन्युअलमध्ये असतं. "थोडं जास्त टाकलं तर काय होतं" म्हणणाऱ्याचा प्लग दर आठवड्याला काळा होतो, आणि कमी टाकणाऱ्याचा पिस्टन जॅम होतो, तो खर्च मोठा.

मग स्पार्क प्लग (ठिणगी टाकणारा) काढा. प्लग बघितला की आत काय चाललंय ते अर्धं कळतं. फिकट तपकिरी असेल तर छान. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा हवा कमी मिळतेय, ओला तेलकट काळा म्हणजे ऑइल जास्त, आणि पांढराफटक म्हणजे इंजिन गरम चालतंय, पेट्रोल कमी पडतंय, हे शेवटचं सोडून देऊ नका. ब्रशने साफ करा, गॅप (प्लगच्या टोकाची फट) बहुतेक छोट्या इंजिनात ०.६ ते ०.८ मिमीच्या आसपास असते. ओढून ओढून पेट्रोल आत भरलं असेल तर प्लग काढलेला असतानाच चोक (हवा अडवणारी झडप) उघडा ठेवून पाच-सहा वेळा रस्सी ओढा, आतलं सगळं बाहेर येतं (तोंड त्या भोकासमोर नको).

एअर फिल्टर स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुवून पूर्ण वाळवा, दोन थेंब ऑइल लावून पिळून परत बसवा. कागदाचा असेल तर धुवू नका, ऑइल पण नको, नुसता झटका.

एवढं करूनही फक्त चोकवरच चालतं आणि चोक काढला की बंद पडतं, असं असेल तर कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल जायचं बारीक भोक असलेला तुकडा) चोंदलाय. इथे मी एकदा शहाणपणा केला, शिवायची सुई घालून जेट मोकळा केला, मशीन चालू झालं पण पेट्रोल प्यायला लागलं आणि धूर पण सोडायला लागलं. जेट पितळेचा असतो, सुईने भोक मोठं होतं, शेवटी नवीन घ्यावा लागला. वायरीतली तांब्याची एकच बारीक तार आणि कार्ब क्लीनर, बस. आणि उघडताना प्रत्येक टप्प्याला मोबाईलवर फोटो काढत जा, नाहीतर बसवताना एक स्प्रिंग हातात राहते ती कुठली ते देवाला माहीत.

अजून एक, मशीन दहा मिनिटं मस्त चालतं, मग बंद पडतं, थोड्या वेळाने परत चालू होतं, असं असेल तर आधी टाकीचं झाकण सैल करून बघा. झाकणातलं हवेचं भोक बुजलं की पेट्रोल खाली उतरत नाही. माझ्या एका मशीनला याच्यासाठी अख्खा कार्बोरेटर बदलायला सांगितला होता, टाचणीने काम झालं.

आता पातं. पात्याला हात लावायच्या आधी प्लगची कॅप काढून बाजूला करायची म्हणजे करायचीच. मोवर आडवा करताना एअर फिल्टरची बाजू वर ठेवा, नाहीतर ऑइल फिल्टरमध्ये जातं आणि चालू केल्यावर पांढरा धूर. कानशीने दोन्ही टोकं सारखी घासा, मग पातं मधल्या भोकाने खिळ्याला अडकवून बघा, जी बाजू खाली जाते ती अजून थोडी घासा. मोवर दगडावर आपटून बंद पडलाय आणि आता चालू होत नाही, रस्सी हाताला झटका देते, तर फ्लायव्हीलची (इंजिनच्या जड चाकाची) की, म्हणजे खाचेत बसणारी पट्टी, कापली गेली असणार. ती मऊ धातूची मुद्दामच असते, क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) वाचावा म्हणून, छोटासा तुकडा आहे, बदलता येतो. ब्रश कटरचा (दांड्याच्या ग्रास कटरचा) पात्याचा नट बहुतेक उलट्या आट्याचा असतो, घड्याळाच्या दिशेने सैल होतो, इथे जोर लावून कितीतरी जणांनी आटे घालवलेत. तिथेच गिअर हेडला ग्रीसचा स्क्रू असतो, २०-२५ तास चालवलं की थोडं ग्रीस भरा.

फोर-स्ट्रोकचं (ज्याचं ऑइल पेट्रोलपासून वेगळं असतं) ऑइल इंजिन कोमट असताना काढा, घाण सगळी सोबत निघते. आणि सीझन संपल्यावर टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, प्लगच्या भोकात चमचाभर ऑइल सोडा, प्लग परत बसवून रस्सी हळू ओढत जिथे जड लागेल तिथेच थांबवून सोडा, म्हणजे फोर-स्ट्रोकचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात आणि ओल आत जात नाही.