टेप, फक्की आणि बिर्गर रूड: स्की जंपिंगचा तास कसा घ्यावा

बर्फ म्हटलं की आमच्या लेकरांना दोनच गोष्टी ठाऊक, गारीगार आणि गारपीट. २०१४ ला गारांनी गहू-हरभरा झोपवला, ते घरोघर अजून बोललं जातं. म्हणून स्की जंपिंग, म्हणजे पायांना लांब फळ्या (स्की) बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत येऊन मारायची उडी, शिकवताना "नॉर्वे हा बर्फाळ देश आहे" अशी सुरुवात करू नका. पहिल्या वर्षी मी तशीच केली, वर फळ्यावर पदकांची यादी लिहिली. मागच्या बाकावरचे तिघे गाढ झोपले.

सुरुवात मैदानावर करा, तीही सकाळी. लागतं काय, तर ३० मीटरचा टेप, घमेलंभर फक्की आणि एक रबरी चेंडू. लांब उडीच्या फळीला टेपचं टोक धरा. वर्गातलं सगळ्यात लांब उडणारं लेकरू जिथं पडेल तिथं पहिली रेघ मारा. आमच्याकडं ती चार मीटरच्या आसपास येते. दुसरी रेघ ९.५ मीटरवर. १८०८ मध्ये ओलाफ राय नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं स्की बांधून एवढी उडी मारली होती. तिसरी ७६.५ वर, १९३१ चा विश्वविक्रम. तो करणारा नॉर्वेचा बिर्गर रूड तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. चौथी ९२ वर. आजच्या स्लोव्हेनियातल्या प्लानित्सामध्ये १९३४ ला झालेला हा विक्रमही त्याचाच. म्हणजे तीन टेप आणि वर दोन मीटर. आमच्या मैदानाचं कुंपण ऐंशीच्या आतच संपतं, त्यामुळे ही रेघ रस्ता ओलांडून पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर मारावी लागते. गिरणीवाले कुरकुर करतात, पण तिथवर चालत गेल्याशिवाय लेकरांना ९२ मीटर कळत नाही.

आता हमखास प्रश्न येतो. मला सहावीतल्या पोरीनं विचारला, "सर, इतक्या लांब जाऊन आदळल्यावर पाय राहतेत का?"

उत्तर तोंडानं देऊ नका, पाझर तलावाच्या बांधावर न्या. चेंडू सपाट जमिनीवर जोरात आपटा, तो डोक्याएवढा उसळतो. मग वरून उताराला धरून भिरकवा. तो टेकतो, जरासा उडतो आणि खाली पळत सुटतो. स्कीवाला असाच उतारावर उतरतो. त्याचा वेग उताराच्याच दिशेनं असतो, म्हणून दणका कमी बसतो. लेकरांना मात्र बांधावरून उड्या मारू देऊ नका. मी एकदा दिल्या, एकाचा घोटा मुरगळला आणि त्याच्या आजीनं ऑफिसात येऊन माझी चांगलीच हजेरी घेतली.

उतरायची ढब वाळूत करून घ्या. एक पाय पुढे, एक मागे, गुडघे वाकलेले, दोन्ही हात पसरलेले. याला टेलिमार्क म्हणतात. ती जमली नाही तर उडी कितीही लांब जावो, पंच गुण कापतात. हवेतली ढब रूडच्या काळात वेगळी होती. कमरेत वाकून अंग पुढे झोकायचं आणि स्की एकमेकींना समांतर ठेवायच्या. आजच्या व्हिडिओत स्की फाकलेल्या दिसतात, ती पद्धत फार नंतर आली.

पदकं दोन वाक्यांत उरका. चांदीच्या खाणींचं गाव काँग्सबर्ग, तिथले हे तीन भाऊ, सिगमुंड, बिर्गर आणि आस्ब्यॉर्न, तिघेही उड्या मारणारे. हिवाळी ऑलिंपिकमध्ये १९३२ ला लेक प्लॅसिडला बिर्गरला सुवर्ण, १९३६ ला गार्मिशला पुन्हा सुवर्ण.

खरा वेळ पुढच्या गोष्टीला ठेवा. १९४० मध्ये जर्मनांनी नॉर्वे घेतला आणि खेळाच्या संघटनाही ताब्यात घेतल्या. रूडनं त्यांच्या स्पर्धांत उतरायला नकार दिला आणि पुढे ग्रिनीच्या छावणीत कैद भोगली. रझाकारांच्या गोष्टी आजोबांकडून ऐकलेल्या लेकरांना हे फोडून सांगावं लागत नाही. पुढचं सालही लक्षात राहतं, कारण १९४८ म्हटलं की आमच्या मराठवाड्यात १७ सप्टेंबर. त्याच वर्षी फेब्रुवारीत सेंट मॉरिट्झच्या ऑलिंपिकला हा गडी प्रशिक्षक म्हणून गेला. हवा बिघडलेली पाहून एका तरुणाच्या जागी स्वतःच उतरला. वय छत्तीस. रौप्य मिळालं.

इथं आमच्या वर्गाचा चेहरा पडला. "मग गोल्ड कुणाला?"

"पेटर हुगस्टेडला."

"तो कुठला?"

"काँग्सबर्गचाच."

"मग गावातच राहिलं की, सर!"